सायकल, मोटार आणि कायदा

हातखंब्याचा तिठा आपल्या महाविद्यालयातील बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि आताचा ६६ क्रमांकाचा, निवळीवरून येथे येतो आणि पालीमार्गे लांज्याकडे जातो. रत्नागिरीहून खेडशीवरून येणारा रस्ता येथेच त्याला मिळतो. या रस्त्याने मासळीच्या गाड्या जातात, गॅसचे टँकर जातात, आंब्याच्या दिवसांत पेट्यांनी भरलेले टेम्पो जातात आणि गणपतीत चाकरमान्यांच्या मोटारी रात्रंदिवस धावतात. याच गर्दीत कडेने एखादा गवंडी, एखादा सुतार, एखादा शाळकरी मुलगा सायकल हाणीत असतो. त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अपघात झाला म्हणजे मात्र सगळे त्याच्याकडेच पाहतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "चूक कोणाची?"

हा प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला होता, म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये माझे चुलते, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणतो, संध्याकाळी कामावरून सायकलने घरी येत होते. पाऊस झिमझिमत होता. सायकलला मागे दिवा नव्हता. घराकडच्या पाणंदीला वळताना त्यांनी हात दाखवला नाही. मागून वेगाने आलेल्या मोटारीचा धक्का बसला आणि उजव्या पायाच्या नडगीचे हाड मोडले. मोटारवाला पळाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याने स्वतः तात्यांना दवाखान्यात पोचवले. तिसऱ्या दिवशी तो आठ हजार रुपये घेऊन घरी आला, आणि "आमची काही तक्रार नाही" अशा मजकुराच्या कागदावर तात्यांनी सही केली. आजी म्हणाली, "बत्ती नव्हती, हात दाखवलान् नाय. चूक आपलीच. बोलून काय उपयोग?" शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तर आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेले असते. प्रकरण मिटले. तात्या मात्र चार महिने घरी बसून होते आणि आजही उतारावर पाय ओढत चालतात.

मी तेव्हा प्रथम वर्षात होतो. पुढे मार्च महिन्यात कायदेविषयक साक्षरतेच्या एका व्याख्यानाला बसलो. व्याख्यान संपल्यावर वकीलसाहेबांना तात्यांची हकीकत सांगितली. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "सातवा महिना लागला की हो. महिनाभर आधी का नाही आलात?" त्या एका वाक्याने मी कायद्याची पुस्तके उघडली. त्यांतून मला जे समजले ते साध्या शब्दांत येथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, 'चूक कोणाची' या प्रश्नाला आपण एकच उत्तर शोधतो, एक तर त्याची नाहीतर आपली. कायदा असा विचार करीत नाही. एकाच अपघातात दोघांचीही चूक असू शकते, आणि मग न्यायालय चुकीचे वाटे पाडते. मुंबई महानगरपालिकेची बस आणि एक तरुण सायकलस्वार यांच्या अपघाताचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्याचा निकाल २००३ साली लागला. सायकलस्वाराने रहदारीचा नियम मोडला होता, हे न्यायालयाने मान्य केले. पण त्यामुळे भरपाई बुडाली नाही. मृताच्या चुकीचा जेवढा वाटा होता तेवढी रक्कम कमी झाली आणि उरलेली आईवडिलांना मिळाली. म्हणजे सायकलला दिवा नसणे ही चूक खरी, पण त्या चुकीने मोटारवाल्याची चूक पुसली जात नाही. पावसात, तिठ्याजवळ, पुढे सायकल असताना वेग कमी न करणे हीही चूकच आहे. २०१७ साली केंद्र सरकारने वाहन चालविण्याचे जे विनियम लागू केले, त्यांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांच्याबाबत चालकाने विशेष काळजी घ्यावी असे स्पष्ट म्हटले आहे.

हा हिशेब करणारे न्यायालय निराळे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मोटार नागपूरची असो की गुजरातची, अर्जदार राहतो त्या भागातील न्यायाधिकरणाकडे अर्ज चालतो. महामार्गाकाठच्या आपल्यासारख्यांना ही मोठीच सोय आहे. तेथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. घटना कशी घडली असण्याचा संभव अधिक आहे, एवढे पाहिले जाते. भरपाई मोजण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरवून दिली. माणसाचे वार्षिक उत्पन्न घ्यायचे आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. वय २१ ते २५ असेल तर १८, ३१ ते ३५ असेल तर १६, ४६ ते ५० असेल तर १३, अशी ती उतरती श्रेणी आहे. कायमचे अपंगत्व आले असेल तर त्यामुळे कमाईची शक्ती किती टक्के घटली ते पाहतात.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. महिना १२,००० रुपये मिळवणारा ४८ वर्षांचा कारागीर समजा. वर्षाचे १,४४,००० झाले. त्याला १३ ने गुणले की १८,७२,००० होतात. कमाईची शक्ती १० टक्के घटली असे ठरले, तर भरपाई १,८७,२०० रुपये. दवाखान्याचा खर्च ६०,००० आणि चार महिन्यांची बुडालेली मजुरी ४८,००० धरली, तर एकूण २,९५,२०० रुपये होतात. आता दिवा नसल्याबद्दल आणि हात न दाखवल्याबद्दल चौथा हिस्सा चूक त्याच्या माथी आली असे माना. ७३,८०० रुपये वजा होऊन २,२१,४०० उरतात. वेदना, भविष्यातील वाढ वगैरे गोष्टी मी येथे धरलेल्याच नाहीत. चूक कबूल करूनही हा आकडा आठ हजारांपासून किती दूर आहे ते वाचकांनीच पाहावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. चुकीचा प्रश्न न विचारताच मिळणारी भरपाईही कायद्यात आहे, आणि तिच्यामागे थोडा इतिहास आहे. १९३९ च्या जुन्या मोटार वाहन कायद्याखाली मोटारवाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध केल्यावाचून भरपाई मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली एका निकालात सांगितले. साक्षीदार नसलेल्या गरिबाला हे जवळजवळ अशक्यच होते. १९८० साली न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी एका निकालपत्रात, चूक न पाहता भरपाई देण्याच्या तत्त्वाचा शासनाने गांभीर्याने विचार करावा, असे सुचवले. १९८२ साली कायदा दुरुस्त झाला. मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये, कोणाचीही चूक सिद्ध न करता मिळू लागले. जखमी माणसाची स्वतःची चूक असली तरी ही रक्कम कमी करू नये, असेही त्या दुरुस्तीत लिहिले होते. पुढे आकडे वाढत गेले. २०१९ च्या दुरुस्तीने नवे कलम १६४ आले आणि १ एप्रिल २०२२ पासून ते लागू झाले. त्यानुसार मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये मागता येतात. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. मात्र ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपतो. दोहोंपैकी एकच वाट धरावी लागते, आणि कोणती धरावी हे वकिलाला विचारून ठरवावे.

येथे कोणी म्हणेल, "बिचाऱ्या मोटारवाल्याने एवढे पैसे कोठून आणायचे?" आमच्या आजीचाही हाच प्रश्न होता आणि तो तिच्या चांगुलपणाला धरून होता. पण मोटार रस्त्यावर आणायची तर तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. भरपाई सामान्यतः विमा कंपनी देते. मालकाने दरवर्षी हप्ता भरलेला असतो तो याचसाठी. विमा नसेल तर मात्र भार मालकावर पडतो, आणि तो दोष त्याचा.

मोटारवाला पळून गेला आणि गाडी सापडलीच नाही, तर कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी महसूल खात्यातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचारांची योजनाही अधिसूचित झाली आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. माझे एक प्राध्यापक रोज मोटारीने येतात. ते म्हणतात, "अंधारात दिवा नसलेली सायकल दिसते तेव्हा ती दहा हातांवर आलेली असते." हे खोटे नाही. सायकल हे कायद्याने मोटार वाहन नसल्यामुळे तिला परवाना लागत नाही आणि विमाही नसतो. पण जबाबदारी नाही असे मुळीच नाही. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी विजेची सायकलही ठरावीक अटींवर याच वर्गात येते. सायकलने एखाद्या म्हातारीला पाडले, तर तिला न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही, पण दिवाणी न्यायालयात सायकलस्वाराकडून भरपाई मागता येते, आणि ती त्याला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कोणतेही वाहन हाकणाऱ्याला लागू आहे. त्यातून सायकलस्वार सुटत नाही.

मग दोघांना अगदी सारख्याच मापाने का मोजू नये? याचे उत्तर अन्य देशांनी दिले आहे. नेदरलँड्समध्ये मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली, तर आपल्या हाताबाहेरचे कारण होते हे मोटारवाल्याने सिद्ध करायचे असते. जखमी मूल १४ वर्षांखालचे असेल तर त्याची चूक सहसा धरलीच जात नाही. फ्रान्सने १९८५ साली असाच कायदा केला आणि १६ वर्षांखालील मुले व ७० वर्षांवरील वृद्ध यांना जास्त संरक्षण दिले. यामागचा विचार सरळ आहे. हजार किलोचे वजन आणि वेग रस्त्यावर जो आणतो, त्यामुळे उत्पन्न होणाऱ्या धोक्याचा भारही त्यानेच अधिक उचलावा. टक्कर झाल्यावर मोटारीला पोचा पडतो आणि सायकलवरच्या माणसाचे हाड मोडते. आपला कायदा अजून तेथवर गेलेला नाही, पण कलम १६४ ने त्या दिशेने पाऊल टाकले आहे.

मित्रांनी ध्यानात ठेवावे असे थोडके सांगतो. अपघात झाल्यावर आधी माणूस वाचवावा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, अशी तरतूद कायद्यात झाली आहे. गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा. चालकाने जखमीच्या उपचारांची व्यवस्था करणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे त्याचे कर्तव्य आहे. पण तो कळवील या भरवशावर आपण बसू नये, स्वतः वर्दी द्यावी. जागेचा पंचनामा होऊ द्यावा. दवाखान्याचे सगळे कागद एका पिशवीत ठेवावेत. घरी आलेल्या माणसाने आणलेल्या कागदावर घाईने सही करू नये. तो कागद म्हणजे न्यायाधिकरणाचा निवाडा नव्हे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कमी उत्पन्नाचे लोक यांना तेथे विनामूल्य साह्य मिळते.

आणि मुदत विसरू नये. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची अट आली आहे. ही अट न्याय्य आहे की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे, पण त्या वादाच्या आधारावर कोणी स्वस्थ बसू नये. आमचे सहा महिने अज्ञानात गेले. तात्या म्हणतात, "झाले ते झाले, तो माणूस वाईट नव्हता." तो वाईट नव्हता हे मलाही मान्य आहे. पण हा प्रश्न त्याच्या चांगुलवाईटपणाचा नव्हताच. तात्यांचा जो हक्क होता तो आम्हा घरातल्या शिकलेल्या माणसांना ठाऊक नव्हता, याची मला अधिक लाज वाटते.

पुढच्या दिवाळीत मी तात्यांच्या सायकलला मागे तांबडी काच आणि पुढे दिवा बसवून दिला. तात्या आता वळताना हात दाखवतात, थांबून मागे पाहतात, मगच पाणंदीला लागतात. आपल्या वाट्याची काळजी त्यांनी घेतली आहे. तिठ्यावरून मोटारीने जाणाऱ्या वाचकांनी आपल्या वाट्याची घ्यावी, एवढीच विनंती.