छत गळतंय, घरमालक ढिम्म?

मृगाच्या सरी आल्या की चंद्रपूर-गडचिरोलीकडे भाड्याच्या खोलीत गळतीखाली गंज मांडावा लागतो. अशा वेळी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ काय सांगतो?

• कलम १४ : वेगळा करार नसेल, तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचेच काम.
• आधी किमान १५ दिवसांची नोटीस द्या. पोस्टाची पावती जपा.
• तरी मालक हलला नाही, तर दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची : महिना ४,००० भाडे, तर वर्षाला १२,००० रुपये.
• कलम २९ : सबळ कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही.
• कलम ५५ : करार लेखी, नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची.

आपले गाव कायद्याच्या अनुसूचीत आहे का, हे आधी तपासा.