इंधनाचा दाब आणि मोठ्या पंपाचा भ्रम

इंजिनाला टर्बो जोडला, आणि त्यानंतर पूर्ण थ्रॉटल देताच गाडी अडखळू लागली, की गॅरेजमध्ये जे निदान ऐकावे लागते ते ठरलेले असते : फ्युएल पंप लहान पडतो, मोठा टाका, म्हणजे प्रेशर वाढेल. हे वाक्य इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने उच्चारले जाते, की त्यातील मूळची चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. आणि या एका चुकीपायी धडधाकट पंप भंगारात जातात, मालकाला नाहक भुर्दंड पडतो, व ज्या पिस्टनच्या रक्षणार्थ हा सारा खटाटोप चाललेला असतो तो अखेर वितळतोच.

दाब पंप ठरवीत नाही. पंपाचे काम प्रवाह देण्याचे. त्या प्रवाहाला अडवून ठरावीक दाब राखणे आणि उरलेले पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत धाडणे, हा सर्वस्वी रेग्युलेटरचा अधिकार आहे. ज्यांना याविषयी शंका असेल त्यांनी पंपाच्या कोणत्याही प्रतिष्ठित उत्पादकाने प्रसिद्ध केलेला प्रवाहाचा आलेख उघडून पाहावा : दाब जसजसा चढतो तसतसा त्याच पंपाचा प्रवाह घटत जातो, आणि विद्युद्दाब साडेतेरा व्होल्टवरून बारावर आला तरी तो आणखी उतरतो. म्हणून ‘ताशी २५५ लिटरचा पंप’ या शब्दांना, किती दाबावर व किती व्होल्टवर हा खुलासा सोबत असल्याखेरीज, काहीही अर्थ नाही.

आता टर्बोच्या इंजिनात नेमके काय घडते ते पाहावे. पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक इंजिनांत इंजेक्टरच्या दोन बाजूंच्या दाबांमधील अंतर सुमारे ३ बार राखलेले असते, आणि मॅनिफोल्डमध्ये १ बार बूस्ट आला की हे अंतर कायम राहण्यासाठी रेलमधील दाब ४ बारपर्यंत चढावा लागतो. ही वाढ रेग्युलेटर करतो, तीही मॅनिफोल्डकडून आलेल्या एका बारीक रबरी नळीच्या आधारे. ती नळी निसटलेली वा चिरलेली असेल तर इंजेक्टरला प्रत्यक्षात २ बारच मिळतात. आणि छिद्रातून होणारा प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो, हे तत्त्व टॉरिचेलीने १६४४ साली मांडलेल्या नियमातूनच आलेले असल्यामुळे, पेट्रोल सुमारे १८ टक्के कमी पडते. मिश्रण लीन होते, नॉकिंग सुरू होते, आणि दोष मात्र पंपाच्या माथी मारला जातो! अशा गाडीत दुप्पट क्षमतेचा पंप बसविला तरी फरक पडण्याचे कारण नाही.

यास्तव तपासाचा क्रम पाळलाच पाहिजे, आणि तो न पाळता पंप बदलणाऱ्याविषयी मला राग येतो. प्रथम ती नळी काढून, तिचे मॅनिफोल्डकडील तोंड बंद करून, आयडलवर मूळ दाब पाहावा. पण आयडलवरचा आकडा बरोबर आला म्हणजे पंप निर्दोष ठरला असे मानणे हा दुसरा मोठा गैरसमज होय, कारण त्या वेळी इंजिनाची मागणी अत्यल्प असते. खरी परीक्षा नळी पूर्ववत जोडून पूर्ण भाराखाली, शक्य तर डायनोवर, घ्यावी, आणि रेलच्या दाबातून बूस्ट वजा करून ३ बार उरतात की नाही ते पाहावे. आरपीएम चढताना ही शिल्लक घसरू लागली तर पुरवठा अपुरा आहे हे खरे. तरीही पंपाच्या दोन्ही टर्मिनलांवर चालू स्थितीत किती व्होल्ट पोहोचतात, फिल्टर व टाकीतील जाळी कितपत चोंदली आहे, याचा दाखला मिळाल्यावाचून पंपावर निकाल देऊ नये. कित्येकदा जाड वायर, स्वतंत्र रिले आणि स्वच्छ अर्थिंग एवढ्यानेच काम भागते.

किरकोळ समजुतींचा समाचार थोडक्यात घेता येईल. दाब वाढविला की मोठ्या इंजेक्टरची गरज उरत नाही, असे म्हणतात; ३ बारचे ४ केले तरी प्रवाह जेमतेम १५ टक्के वाढतो. इंजेक्शनचा पंप कार्ब्युरेटरलाही चालतो, असे म्हणतात. वेबरसारख्या कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास दाब पुरतो, त्याहून फार वाढल्यास त्याची नीडल व्हॉल्व्ह बंद राहत नाही आणि पेट्रोल ओसंडते. इथेनॉलने काही बिघडत नाही, हेही अर्धसत्यच. पूर्ण ज्वलनासाठी एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला ९ भागच, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक हवे, आणि आपल्याकडे वीस टक्के मिश्रण आल्यावर पूर्वीच्या हिशेबाने काठावर बसविलेली यंत्रणा काठावरून ढळू शकते.

मोठा पंप बसवून आयडलवरचा दाब खरोखरच वाढलेला आढळला, तर त्यात आनंद मानू नये : परतीची नळी किंवा रेग्युलेटर एवढा प्रवाह मागे सोडण्यास असमर्थ ठरत आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि अशा वेळी ती नळी रुंद करावी लागते.