राजाबाई टॉवर आणि आपली जुनी पेढी

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेस उभा असलेला राजाबाई टॉवर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. कापसाचे मोठे व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला. त्याला आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरबाजाराच्या त्या प्रसिद्ध पडझडीत प्रेमचंदशेठ सर्वस्वी अडचणीत आले. टॉवरचे बांधकाम त्यानंतर, १८६९ मध्ये सुरू झाले आणि १८७८ मध्ये पूर्ण झाले. वहीत जमा असलेली संपत्ती गेली. दान दिलेली रक्कम मात्र सुमारे २८० फूट उंचीने आजही उभी आहे.

हा टॉवर मुंबईच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे. या यादीशी आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा संबंध येतो, तो मात्र वेगळ्या प्रसंगी. वडिलोपार्जित पेढी, वाडी, धर्मशाळा किंवा ट्रस्टची इमारत वारसा यादीत असल्याचे कळते आणि घरात चिंतेचे वातावरण पसरते. मालकी सरकारकडे जाणार का? साधी दुरुस्तीही करता येणार नाही का? या भीतीपोटी घाईने निर्णय घेतले जातात. म्हणून ही यादी कशी होते आणि तिच्यामुळे काय बदलते, हे नीट समजून घेणे हिताचे आहे.

नाव यादीत कसे येते

ताजमहालासारखी स्मारके केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित आहेत. पण शहरात अशा शेकडो इमारती असतात, ज्यांत आजही माणसे राहतात, दुकाने चालतात, देवदर्शन होते. त्यांच्यासाठी तो कायदा पुरेसा नव्हता. मुंबईने यावर नगररचनेच्या नियमांतून मार्ग काढला. १९९५ साली विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम आला आणि सहाशेहून अधिक नोंदींची यादी मंजूर झाली. भारतातील एखाद्या शहराने असे नियम करण्याची ही पहिलीच वेळ होती. आजच्या २०३४ पर्यंतच्या नियमावलीत हाच विषय ५२ क्रमांकाच्या नियमात आहे.

केवळ जुनी आहे म्हणून इमारत यादीत येत नाही. तिची वास्तुरचना, बांधणीचा काळ, बांधकामाचे तंत्र, शहराच्या सामाजिक वा आर्थिक इतिहासातील स्थान, एखाद्या मान्यवर व्यक्तीशी असलेले नाते, शेजारच्या इमारतींसह साधलेली एकसंधता, अशा निकषांपैकी कोणते लागू पडतात, याची नोंद केली जाते. कधी एकट्या इमारतीऐवजी संपूर्ण परिसरच वारसा म्हणून घोषित होतो. फोर्ट हे त्याचे परिचित उदाहरण.

यादीत भर घालताना प्रस्ताव प्रसिद्ध होतो व जनतेकडून हरकती आणि सूचना मागविल्या जातात. वास्तुविशारद, अभियंते, इतिहासाचे जाणकार अशांची वारसा संवर्धन समिती सल्ला देते आणि अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. २०१२ साली महापालिकेने नऊशेहून अधिक नव्या नावांचा प्रस्ताव मांडला, तेव्हा शिवाजी पार्कसह अनेक ठिकाणच्या रहिवाशांनी हरकती नोंदविल्या. सांगायचे एवढेच, की मालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी असते. ती मुदतीत आणि कागदपत्रांसह साधली पाहिजे.

श्रेणी आणि तिचे परिणाम

पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. तेथे इमारतीच्या जतनासाठी अत्यावश्यक असेल तेवढाच बदल मान्य होतो. दुसरी श्रेणी प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या इमारतींची. तिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत. आतील बदल व नव्या कामासाठी वापर येथे शक्य असतो. बाह्यरूपावर मात्र बारीक लक्ष असते. ‘ब’ भागात त्याच आवारात, मूळ वास्तूशी सुसंगत असे वाढीव बांधकामही काही परिस्थितीत करता येते. तिसरी श्रेणी रस्त्याचे वा वस्तीचे रूप घडविणाऱ्या इमारतींची. तेथे आतून आणि बाहेरून बदलाला बरीच मोकळीक आहे. इमारत धोकादायक झाली वा आगीत सापडली, तर पुनर्बांधणीचाही विचार होऊ शकतो.

यांपैकी कोणत्याही श्रेणीमुळे मालकी जात नाही. विक्री, वारसाहक्क, भाडे हे सर्व पूर्ववत राहते. बदलते ते इतकेच, की पाडकाम, दुरुस्ती, अगदी रंगकामापूर्वीही लेखी परवानगी घ्यावी लागते. दुरुस्तीची मुख्य जबाबदारीही मालक वा वापरणाऱ्यांवरच राहते. हा खर्च आणि विलंब खरा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र परवानगी नाकारल्यामुळे किंवा अटींमुळे मालकाला उरलेले चटईक्षेत्र वापरता येत नसेल, तर त्याबदली हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर, मिळण्याची तरतूद नियमात आहे. हे माहीत नसल्यामुळे काही कुटुंबे तोट्याचा हिशेब मांडतात, जमेचा मांडतच नाहीत.

जीर्णोद्धार म्हणजे काय

नव्या मंदिराच्या निर्मितीपेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक, असे आपल्या घराघरांत सांगितले जाते. तरीही अनेकदा जीर्णोद्धाराच्या नावाखाली लाकडी कोरीव खांब, जुने रंगकाम, पिढ्यांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या फरशा निघतात आणि त्यांच्या जागी चकचकीत संगमरवर येतो. भावना शुद्ध असते, पण जे जीर्ण होते त्याचा उद्धार होत नाही. ते नाहीसे होते. वारसा नियम सांगतात ते या शब्दाच्या मूळ अर्थाच्या अधिक जवळचे आहे: जे आहे ते सावरा, बदलावेच लागले तर मूळ रूपाशी जुळेल असे बदला.

म्हणून इमारतीला हात लावण्यापूर्वी विश्वस्तांनी व कुटुंबप्रमुखांनी चार गोष्टी कराव्यात. महापालिकेच्या यादीत आपली वास्तू आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे पाहावे. बांधकामाचे जुने दस्त, नकाशे, छायाचित्रे एकत्र जपून ठेवावीत. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाचा सल्ला घ्यावा. आणि टीडीआरचा प्रश्न आरंभीच विचारावा.

२०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तूंना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत राजाबाई टॉवर आहे. पण त्याच्या कितीतरी आधी या वास्तू शहराच्या स्वतःच्या यादीने सांभाळल्या होत्या. प्रेमचंदशेठांनी आपल्या आईचे नाव ज्या विश्वासाने शहराच्या स्वाधीन केले, तो विश्वास असा पाळला गेला. आपल्या आजोबांच्या पेढीवरही कोणाचे तरी नाव कोरलेले असते. ते पुसायचे की राखायचे, हा निर्णय शेवटी आपल्या घरातच होतो.