किती वॅटची मोटर घेऊ? सोफा-कार्पेट धुण्याच्या मशीनचा हिशेब

आजचा प्रश्न वणी तालुक्यातल्या राजूरचा. सोफा आणि कार्पेट धुण्याचा धंदा सुरू करायचा आहे, मशीन कर्ज काढून घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, "जास्त वॅटची घे भाऊ, डोळे झाकून." तर आज डोळे उघडे ठेवून बघू.

आधी एक गोष्ट पक्की करा. धुतलेलं कार्पेट ओलं राहिलं की पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो, बुरशी धरते आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणजे या धंद्यात पाणी मारणं सोपं. पाणी परत ओढणं हेच खरं काम. ते व्हॅक्यूम मोटर करते.

शेतातला पंप घेताना आपण नुसता एचपी बघतो का? नाही ना. हेड किती आणि डिस्चार्ज किती, तेही विचारतो. इथेही तसंच आहे. हेडच्या जागी 'वॉटर लिफ्ट', म्हणजे ओढ किती जोराची. ती इंचात किंवा किलोपास्कलमध्ये लिहितात. १०० इंच म्हणजे जवळपास २५ किलोपास्कल. डिस्चार्जच्या जागी 'सीएफएम', म्हणजे एका मिनिटात किती घनफूट हवा वाहते. १०० सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २,८०० लिटर हवा. वॅट म्हणजे मोटर वीज किती खाते, एवढंच.

मग कुठे काय लागतं? सोफ्याच्या हत्याराचं तोंड लहान आणि पाणी फोममध्ये खोल गेलेलं. तिथे ओढ जास्त हवी. मंगल कार्यालयाच्या कार्पेटवर रुंद तोंडाची दांडी चालते, पाइपही लांब असतो. तिथे हवा जास्त वाहायला हवी, नाहीतर पाणी पाइपातच रेंगाळतं.

आता 'टू स्टेज', 'थ्री स्टेज' म्हणजे काय? सबमर्सिबलसारखंच. आतले पंखे एकामागे एक. साधारणपणे स्टेज वाढले की ओढ वाढते. हवेचा प्रवाह त्या प्रमाणात वाढत नाही. दोन मोटरी असतील तर त्या कशा जोडल्यात ते विचारा. एकीमागे एक जोडल्या तर ओढ वाढते, पण पूर्ण दुप्पट होत नाही. शेजारी-शेजारी जोडल्या तर हवा वाढते. पण पाइप बारीक असेल तर दुसरी मोटर बरीचशी वाया जाते. ३२ मिलिमीटरऐवजी ३८ चा पाइप घेतला तर आतली जागा सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, तेही खूप कमी खर्चात.

पुढचा मुद्दा प्लगचा. घरातला साधा ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टवर १,३८० वॅटच देतो. १,२०० वॅटची एक मोटर आणि छोटा पाण्याचा पंप त्यात बसतो. तशा दोन मोटरी म्हणजे २,४०० वॅट, साडेदहा अँपिअरच्या आसपास. त्यांना १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर लागणारच. त्यात हीटर असेल तर त्याची वेगळी लाइन हवी. गिऱ्हाइकाच्या घरी एमसीबी पडत राहिला तर मोठी मोटर काय कामाची? आणि व्होल्टेज कमी असलं की मोटर मंदावते, ओढही घटते.

मोटर 'बायपास' प्रकारचीच घ्या. तिला थंड ठेवणारी हवा वेगळी येते, ओढलेली ओली हवा तिच्या वायंडिंगवरून जात नाही. घरच्या कोरड्या व्हॅक्यूमने पाणी ओढू नका. मोटर जळेल, शॉकही बसू शकतो.

राजूरसाठी खास सांगतो. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या. ही धूळ थेट ओली केली की कोळशाचा काळा चिखल होतो आणि तो धाग्यात बसतो. कळीचा चुना असेल तर तो पाण्याने तापतो, हाताला झोंबतो. चुना आणि साबण एकत्र आले की चिकट साय धरते. म्हणून आधी बारीक फिल्टरच्या कोरड्या व्हॅक्यूमने धूळ काढा, तोंडाला मास्क लावा, मगच पाणी.

दुकानात नळीच्या तोंडावर तळहात ठेवून भुलू नका. तोंड बंद केलं की हवा वाहतच नाही; फक्त ओढ कळते. त्यापेक्षा जुन्या कार्पेटच्या तुकड्यावर मोजून २ लिटर पाणी ओता, मशीन फिरवा आणि टाकीत किती परत आलं ते मोजा. दोन मशीनवर हेच करा. तुमच्याकडे असेल तोच पाइप, तेवढ्याच लांबीचा लावून करा.

माझं मत विचाराल तर सुरुवात घरच्या सोफ्यांपासून असेल, तर १,२०० वॅटच्या आसपासची एकच थ्री स्टेज बायपास मोटर पुरे. मंगल कार्यालयांची कामं नियमित मिळायला लागली की दोन मोटरींचा विचार करा. कर्जाचा हप्ता मोटरीच्या वॅटवर नाही, सुकलेल्या सोफ्यांवर फिटतो.

टाकीत किती पाणी परत आलं, तो आकडा आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!