वाळूचा फिल्टर आणि सांडोरचे पाणी

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील सांडोर आणि आसपासच्या गावांना परंपरेने विहिरी व बावखले यांचाच आधार राहिला आहे. पावसाचे पाणी साठवून ते सावकाश जमिनीत मुरवणाऱ्या उथळ तळ्याला येथे बावखल म्हणतात, आणि केळीच्या व पानवेलीच्या वाड्या त्याच ओलाव्यावर वाढल्या. समुद्र जवळ असल्याने भूजलाचा उपसा वाढला की गोड्या पाण्याची पातळी खालावते आणि खारे पाणी आत सरकू लागते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या चळवळीला ही चिंता अपरिचित नव्हती. अशा भागात बंगल्यात, गृहसंकुलात किंवा रिसॉर्टमध्ये तरणतलाव असेल, तर त्यातील पाणी वरचेवर बदलणे परवडत नाही. तेच पाणी गाळून पुन्हा वापरावे लागते, आणि हे काम बहुतेक ठिकाणी वाळूचा फिल्टर करतो.

वाळूतून पाणी गाळण्याची पद्धत जुनी आहे. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने लंडनच्या चेल्सी जलपुरवठ्यासाठी वाळूचे मोठे गाळणवाफे बांधले, त्यांत पाणी संथपणे झिरपत असे. तरणतलावाच्या बंद टाकीत मात्र पंपाच्या दाबाने पाणी वेगाने वाळूतून ढकलले जाते. या टाकीत साधारण ०.४५ ते ०.५५ मिलिमीटर आकाराच्या, एकसारख्या दाण्यांची सिलिका वाळू भरतात. किनाऱ्यावरची वाळू हाताशी असली तरी ती येथे चालत नाही, कारण तिचे दाणे लहानमोठे असतात आणि तिच्यातील शिंपल्यांचा चुरा पाण्यात कॅल्शियम सोडतो.

नवी, स्वच्छ वाळू साधारणपणे २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पुढे अडकलेल्या गाळामुळेच दाण्यांमधील वाटा अरुंद होतात आणि त्याहून बारीक कणही अडू लागतात, म्हणजे थोडा मळलेला फिल्टर नुकत्याच धुतलेल्या फिल्टरपेक्षा चांगले गाळतो. त्यामुळे तो रोज धुण्याची सवय पाण्याची नासाडी तर करतेच, शिवाय गाळण्याचा दर्जाही घटवते.

फिल्टर कधी धुवायचा हे दिनदर्शिकेवरून नव्हे, तर टाकीवरील प्रेशर गेजवरून ठरवावे. धुतल्यानंतर लगेच काटा जो दाब दाखवतो त्याची नोंद ठेवावी आणि दाब त्याहून ८ ते १० पीएसआयने, म्हणजे सुमारे ०.५ ते ०.७ बारने, वाढला की फिल्टर धुवावा. या धुण्याला बॅकवॉश म्हणतात. त्यात पाणी खालून वर उलटे सोडले जाते, वाळू फुलते आणि सुटलेला गाळ बाहेर पडतो. पाण्याची दिशा बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची मूठ पंप बंद करूनच फिरवावी, अन्यथा आतले गॅस्केट फाटते. काचेच्या खिडकीतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटे, बॅकवॉश चालवावा आणि नंतर अर्धा ते एक मिनिट रिन्स करून वाळू पुन्हा बसू द्यावी. रिन्स टाळल्यास उरलेला गाळ तलावात परततो. ६०० मिलिमीटर व्यासाच्या टाकीच्या एका बॅकवॉशला सुमारे ५०० लिटर पाणी लागते.

बॅकवॉशनंतरही दाब लवकर चढत असेल, तर अंगावरचे तेल, सनस्क्रीन आणि गाळ यांनी वाळूचे गोळे बांधले असण्याची शक्यता असते. पाणी जड असेल आणि पीएच चढा राहिला, तर कॅल्शियमचा थर दाणे एकमेकांना चिकटवतो, आणि मग पाणी संपूर्ण वाळूतून न जाता मोजक्या फटींतून निसटते. तलावाच्या तळाशी वाळू दिसू लागली, तर टाकीच्या बुडाशी असलेल्या लॅटरल, म्हणजे बारीक चिरा असलेल्या नळ्या, तुटल्याचा संशय घ्यावा. साधारण पाच ते सात वर्षांनी वाळू बदलावी लागते.

गाळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसार घडवणारा परजीवी ४ ते ६ मायक्रॉनचा असल्याने वाळूतून निसटू शकतो आणि नेहमीच्या क्लोरीनलाही दाद देत नाही. सार्वजनिक तलावांत गाळ एकत्र आणणारे रसायन अल्प प्रमाणात सोडून त्याला अडवण्याचा प्रयत्न केला जातो. केवळ गाळण्याने पाणी निर्जंतुक होण्याची खात्री नसल्यानेच फिल्टरसोबत क्लोरीन आणि पीएच यांची तपासणी नियमित चालू ठेवावी लागते.

सांडोरसारख्या ठिकाणी बॅकवॉशच्या पाण्याची विल्हेवाट हाही देखभालीचा भाग ठरतो. क्लोरीन माशांना घातक असल्याने हे पाणी थेट बावखलात, विहिरीजवळ किंवा वाडीत सोडू नये; ते उघड्या टाकीत साठवून, गाळ खाली बसू देऊन आणि क्लोरीन उतरल्याची चाचणी करूनच फरशी धुण्यासारख्या कामाला वापरावे. गेजच्या नोंदवहीनुसार चालणाऱ्या तलावात असे धुणेच कमी वेळा करावे लागते, आणि तेवढा विहिरींवरचा भार हलका होतो.