शोकाचे मोल आणि मालकी

२० मार्च १९९१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन भागातील एका उत्तुंग इमारतीच्या ५३ व्या मजल्यावरील उघड्या खिडकीतून साडेचार वर्षांचा एक मुलगा खाली पडला व मरण पावला. त्याचे नाव कॉनर. आदल्याच दिवशी वडिलांनी त्याला सर्कस दाखवून आणली होती. हे वडील म्हणजे एरिक क्लॅप्टन, इंग्लंडचे जगविख्यात गिटारवादक व गायक. पुढे वर्ष उलटण्याच्या आत या पित्याने मुलाच्या आठवणीने रचलेले एक गीत एका अमेरिकन चित्रपटात आले, ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने दुकानांत आले आणि लक्षावधी लोकांनी ते पैसे मोजून घरी नेले. ‘टिअर्स इन हेवन’ हे ते गीत.

पुत्रशोकासारखी अत्यंत खाजगी गोष्ट अशी विक्रीस यावी, हे अनेकांना खटकते. शोकातून श्लोक जन्मतो ही कल्पना भारतीय मनाला आदिकवीच्या काळापासून परिचित आहे. परंतु त्या श्लोकावर कोणी किंमतीची चिठ्ठी लावली नव्हती. ज्याला बाजारभाव आहे त्याचे पावित्र्य गेले, असे मानण्याकडे सुसंस्कृत मनाचा कल असतो. या एका गीताची हकीकत पाहिली, तर हा निष्कर्ष वाटतो तितका सरळ नाही, हे ध्यानात येते.

अपघातानंतरच्या काळात क्लॅप्टन यांनी गिटार हाती धरली ती श्रोत्यांसाठी नव्हे. दुःखाच्या दिवसांत हाताला काही तरी चाळा हवा, म्हणून ते वाजवीत राहिले आणि त्यातून काही गाणी आकार घेऊ लागली. त्याच सुमारास ‘रश’ या चित्रपटाच्या संगीताचे काम त्यांच्याकडे आले होते. टेक्सासमधील दोन गुप्त पोलीस मादक द्रव्यांच्या व्यापाऱ्यांचा माग काढता काढता स्वतःच व्यसनात बुडतात, अशी त्याची कथा. हेरॉइन आणि मद्य या दोन्ही विळख्यांतून मोठ्या कष्टाने बाहेर पडलेल्या क्लॅप्टन यांना ती परकी नव्हती. गीतलेखनासाठी विल जेनिंग्ज हे कसलेले गीतकार त्यांच्यासोबत होते. पहिले कडवे क्लॅप्टन यांनी लिहिले होते. उरलेले जेनिंग्ज यांनी लिहावे, असे त्यांनी सुचविले. हा विषय इतका तुमचा आहे की हे गीत तुम्हीच पुरे करावे, असे म्हणून जेनिंग्ज यांनी प्रथम नकार दिला. पुढे आग्रहाखातर ते तयार झाले. गीत चित्रपटात घालण्यास खुद्द क्लॅप्टन नाखूष होते. एखाद्या दुःखी माणसाला याचा आधार होईल, हा दिग्दर्शिका लिली झानुक यांचा युक्तिवाद अखेर त्यांना पटला.

या ठिकाणी अर्थशास्त्राच्या एका मूळपुरुषाची आठवण होते. बाजाराचा तत्त्ववेत्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲडम स्मिथ यांनी ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ लिहिण्यापूर्वी सतरा वर्षे, म्हणजे १७५९ साली, मानवाच्या नैतिक भावनांवर एक ग्रंथ लिहिला होता. दुःखी माणसाला इतरांची सहानुभूती हवी असते. परंतु त्याच्या दुःखाची मूळ तीव्रता परक्याला कधीच पेलत नाही. म्हणून ऐकणाऱ्याला साथ देता येईल इतका आपला स्वर त्याला खाली आणावा लागतो, असे स्मिथ तेथे सांगतात. हा स्वर उतरविणे म्हणजे ढोंग नव्हे. त्यातूनच दुःखी माणूस स्वतःही थोडा शांत होतो.

क्लॅप्टन यांच्या गीतात नेमके हेच घडले आहे. त्यात मुलाचे नाव नाही, अपघाताचा उल्लेख नाही, खिडकी नाही, न्यू यॉर्क नाही, आक्रोश तर नाहीच. परलोकी भेट झाली तर मुलगा आपल्याला ओळखील काय, एवढीच पित्याची शंका आहे. आणि आपली जागा अजून तिकडे नाही, म्हणून येथेच नेटाने जगले पाहिजे, हा कबुलीजबाब. या शंकेमागे आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १९४५ साली जन्मलेल्या क्लॅप्टन यांनी स्वतःचे वडील कधीच पाहिले नाहीत. आजी-आजोबांनाच ते बालपणी आई-वडील समजत होते. ज्याला आपल्या पित्याची ओळख पटविण्याची संधी मिळाली नाही, तो आपल्या पुत्राला ओळखीविषयी विचारतो आहे.

चित्रपटाच्या मागणीने या दुःखाला हलके केले, असे म्हणता येत नाही. उलट तिने त्याला एक आडोसा दिला. गीत वरकरणी चित्रपटातील पात्रांचे होते. म्हणून जे स्वतःच्या नावाने बोलणे कठीण होते, ते बोलता आले. कामाची मुदत, सहलेखकाची साथ, गीताची मर्यादित लांबी या साऱ्या व्यावसायिक अटीच. परंतु अमर्याद शोकाला किनारा लाभला तो त्यांच्यामुळेच.

पुढे बाजाराने आपले काम केले. जानेवारी १९९२ मध्ये ध्वनिमुद्रिका आली व अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. हेच गीत असलेला ‘अनप्लग्ड’ हा संग्रह एकट्या अमेरिकेत एक कोटी प्रतींच्या खपासाठी प्रमाणित झाला. १९९३ च्या ग्रॅमी समारंभात क्लॅप्टन यांना सहा पारितोषिके मिळाली, त्यांपैकी तीन या एका गीतासाठी होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी खिडक्या व जिने बंदिस्त करा, असे आवाहन करणाऱ्या जाहीर सूचनांतही त्यांनी भाग घेतला. एका कुटुंबाची हानी अशी इतरांच्या उपयोगी पडली.

तरीही खरी कसोटी २००४ साली आली. गीताला मागणी होती, श्रोते ते ऐकण्यासाठी तिकिटे काढीत होते, आणि त्याच वेळी क्लॅप्टन यांनी ते गाणे थांबविले. गाण्यासाठी हानीची जी जाणीव मनात जागी असावी लागते, ती आता तशी उरली नाही, असे त्यांचे कारण होते. मागणी असताना पुरवठा थांबविणारे व्यापारी असतात. परंतु ते भाव वाढण्याची वाट पाहत असतात. येथे माल संपला होता, आणि विक्रेत्याने तो संपल्याचे प्रामाणिकपणे सांगितले. शोकाची नक्कल करून गल्ला भरणे सहज शक्य होते. श्रोत्यांना फरक कळलाही नसता. २०१३ मध्ये ते हे गीत पुन्हा गाऊ लागले, तेही कोणत्या कराराने बांधले गेल्यामुळे नव्हे.

ध्वनिमुद्रिका विकत घेणाऱ्याला गीत मिळते, त्यामागील शोक त्याच्या मालकीचा होत नाही. तो केव्हा उघड करावा, किती करावा व केव्हा झाकून ठेवावा, हा अधिकार ज्याने तो सोसला त्याचाच. हा अधिकार जोवर त्याच्या हाती आहे, तोवर बाजारात आल्याने दुःख विटाळत नाही. आज सुखदुःखाची प्रत्येक घटना घडताक्षणीच जगापुढे मांडण्याची सवय सर्वत्र जडत आहे. अशा वेळी या पित्याच्या गाण्याइतकेच त्याचे ते नऊ वर्षांचे मौनही आठवावे.