फाटकाच्या रिमोटची बोली व तिची पारख

मळ्याच्या फाटकास आडणा, कडी आणि कुलूप एवढा बंदोबस्त पुरेसा होता, तो काळ आतां मागें पडला. पुष्कळ बागाइतदारांच्या फाटकांस विजेची मोटार बसलेली असून, गाडींत बसल्या बसल्या रिमोटची कळ दाबली म्हणजे फाटक सरकतें. सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं. परंतु गेल्या हंगामांत प्रस्तुत लेखकाचा एक रिमोट हरवला, तेव्हां तालुक्याच्या बाजारांतील एका कारागिरानें आमच्या दुसऱ्या रिमोटजवळ स्वतःचा कोरा रिमोट धरून, चहाचा पेला रिकामा होण्याच्या आंतच, हुबेहूब जोड तयार करून दिला. फाटक कोणाचें व कोठें आहे, हें त्यानें विचारलेंही नाहीं. जें काम आमच्यासाठीं इतक्या सहज झालें तें दुसऱ्या कोणासाठींही होईल, हा विचार घरीं परततांना मनांत आला, आणि ही विद्या समजून घेण्याची निकड वाटली.

रिमोट व फाटक यांचें संभाषण बिनतारी लहरींनीं चालतें. आपल्या बाजारांतील व युरोपांतील पुष्कळ रिमोटांची लहर ४३३.९२ मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदास सुमारें ४३ कोटी ३९ लक्ष आंदोलनांची असते. अमेरिकेंत ती बहुधा ३०० ते ३९० मेगाहर्ट्झच्या दरम्यान आढळते. ही लहर ठराविक वेळ चालू ठेवावयाची व ठराविक वेळ बंद ठेवावयाची, एवढेंच साध्या रिमोटचें बोलणें. पूर्वींच्या तारयंत्राच्या कडकट्टाचाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें एकेक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो.

हें बोलणें ऐकण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठीं निघालेला अंगठ्याएवढा एक ग्राहक मिळतो. त्यांतील आरटीएल२८३२यू नांवाच्या चिपकडून लहरींचीं कच्चीं मापें थेट मिळूं शकतात, असें २०१२ च्या सुमारास उघडकीस आलें, आणि तेव्हांपासून हौशी लोकांच्या हातीं हें स्वस्त साधन आलें. त्यास सुमारें १७ सेंटिमीटर लांबीची तार जोडली व ‘युनिव्हर्सल रेडिओ हॅकर’सारखी मोफत आज्ञावली चालविली, म्हणजे रिमोटची प्रत्येक दाब पडद्यावर उंच-सखल रेघेच्या रूपानें दिसते.

ती रेघ वाचावयाची कशी? ईव्ही१५२७ या जातीची चिप असलेला रिमोट पुष्कळ ठिकाणीं आढळतो, तोच उदाहरणास घेऊं. रेघेंत उंचवटा एक माप व पुढील सखल तीन मापें असेल तर तो शून्य. उंचवटा तीन मापें व सखल एक माप असेल तर तो एक. एका उंचवट्यानंतर ३१ मापांचा लांब विराम आला कीं वाक्याची हद्द समजावी. असें २४ अंकांचें एक वाक्य भरतें आणि कळ दाबून धरली असेपर्यंत तेंच पुन्हां पुन्हां म्हटलें जातें. आतां पहिली कळ दाबून वाक्य कागदावर उतरून घ्यावें व त्याखालीं दुसऱ्या कळीचें लिहावें. पहिले २० अंक तेच राहतात, शेवटच्या चारांत फरक पडतो. म्हणजे शेवटचे चार हे कळीचे. मग त्याच बनावटीचा दुसरा रिमोट घ्यावा. आतां पहिले २० अंक वेगळे येतात. म्हणजे ती त्या रिमोटची ओळख. यंत्र न उघडतां, केवळ ताळा पाहून त्याची बोली अशी उलगडतां येते.

पण मालकाच्या दृष्टीनें महत्त्वाचा ताळा निराळाच आहे. एकच कळ आज दाबावी, उद्यां दाबावी, आणि दोन्ही वाक्यें शेजारीं ठेवावींत. तीं अक्षरशः एक असतील तर तो रिमोट कायम संकेताचा होय. रस्त्याच्या कडेला उभा राहून ज्यानें तें वाक्य एकदां टिपलें, त्याच्या हातीं आपल्या फाटकाची किल्ली पडली असें समजावें.

याहून जुन्या रिमोटांत ८ ते १२ बारीक खटके असतात. बारा खटक्यांचे ४०९६ संकेत होतात. ते एकामागून एक म्हणावयाचे तर ४९,१५२ अंक लागतात. पण येथें एक मौज आहे. शाळेंत वृत्तांचे गण ध्यानांत ठेवण्यासाठीं ‘यमाताराजभानसलगम्’ हें सूत्र आपण पाठ केलें होतें. त्यांत अक्षरें दहाच, परंतु कोणतींही लगत तीन घ्या, एक नवा गण निघतो. आठही गणांस २४ अक्षरें लागत नाहींत. हीच युक्ति डच गणिती निकोलास डी ब्रुइन यांनीं १९४६ मध्यें सर्वसाधारण रूपानें मांडली. तिच्या योगें ४०९६ संकेत ४१०७ अंकांत बसतात. अमेरिकेंतील सॅमी कामकर यांनीं २०१५ मध्यें मुलांच्या एका खेळण्यांत फेरफार करून, कायम संकेतांचे असे दरवाजे दहा सेकंदांच्या आंत उघडतात हें दाखविलें. दोन संकेतांमधील विराम न तपासणाऱ्या ग्राहकांवरच ही मात्रा चालते, हें मात्र खरें.

यावर तोड म्हणजे फिरता संकेत, ज्यास कारागीर ‘रोलिंग कोड’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेंत १९८० नंतरच्या दशकांत निघालेली कीलॉक ही त्यांतील प्रसिद्ध पद्धति. तिच्या एचसीएस३०१ या चिपचें वाक्य ६६ अंकांचें असून त्यांतील ३२ अंक गुप्त लिपींत असतात व ते दर दाबेस बदलतात. रिमोट आपल्या दाबा मोजतो, ग्राहकही ती गणना ठेवतो, आणि वापरलेला संकेत पुन्हां स्वीकारीत नाहीं. पुढील १६ संकेतांपर्यंत मागेंपुढें झालें तर चालतें. म्हणून घरांतील मुलांनीं खेळतांना रिमोट पंचवीस वेळां दाबला, तर फाटक पहिल्या दाबेस उघडत नाहीं. लागोपाठ दोनदां दाबावा लागतो. यंत्र बिघडलें समजून त्यासाठीं कारागीर बोलावण्याचें कारण नाहीं.

हीही तटबंदी अभेद्य नाहीं. जर्मनींतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००८ मध्यें चिपचा वीजवापर मोजून कारखान्याची मूळ किल्ली काढली. ती हातीं आल्यावर दोनच संदेश ऐकून रिमोटची नक्कल होते. तथापि तेवढा खटाटोप आमच्या डाळिंबांसाठीं कोणी करील असें वाटत नाहीं. कायम संकेताचें तसें नाहीं. त्यास बाजारांतील कोरा रिमोट पुरतो.

आमचा रिमोट ताळ्यांत कायम संकेताचाच निघाला. नुसता रिमोट बदलून भागत नाहीं, मोटारीजवळील ग्राहक-पट्टीही फिरत्या संकेताची बसवावी लागते. ती आम्हीं बसविली. रिमोट हरवल्यास ग्राहकाची स्मृति पुसून घरांतील उरलेले सर्व रिमोट त्याच बैठकींत नव्यानें नोंदवावे. एखादा बाहेरगांवीं गेलेला राहिला, तर तो परत आल्यावर बंद फाटकाशीं अडतो. पडताळा मात्र स्वतःच्याच फाटकावर घ्यावा, दुसऱ्याच्या नव्हे. आणि पीक उतरलेलें असेल त्या रात्रीं मोटारीच्या जोडीला जुनें कुलूप आम्ही अजून लावतों.